लेखक सबंध वाचण्याचा प्रश्न

दलित साहित्याच्या चर्चेत आफ्रिकन लेखकांची नावे आता परकी राहिलेली नाहीत. चिनुआ अचेबे, वोले सोयिंका, न्गुगी वा थिओंगो यांचा उल्लेख आपल्या व्यासपीठांवरून आदराने होतो. परंतु नाव घेणे आणि वाचणे यांत अंतर आहे. आणि एखादे पुस्तक वाचणे व लेखक सबंध वाचणे यांत त्याहून मोठे अंतर आहे. एक कादंबरी अभ्यासक्रमाला लागते, तिच्यावर टिपणे निघतात आणि तो लेखक आपल्याला कळला असे आपण धरून चालतो. अशा वेळी एकेका आफ्रिकन लेखकावर लिहिल्या गेलेल्या स्वतंत्र समीक्षाग्रंथांचे मोल काय, हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या प्राध्यापकांचा राहत नाही. तो आपल्याही साहित्याचा प्रश्न होतो.

अचेबे यांची पहिली कादंबरी 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ साली प्रसिद्ध झाली. १९६२ मध्ये हायनेमान या प्रकाशनसंस्थेने आफ्रिकन लेखकांची ग्रंथमाला सुरू केली आणि पहिली दहा वर्षे अचेबे यांनीच तिचे संपादन पाहिले. पुस्तके भराभर आली. समीक्षा मात्र बराच काळ आढाव्याच्या पातळीवर रेंगाळली. आढाव्यात लेखक हा लेखक राहत नाही, तो एका खंडाचा नमुना होतो. त्याची भाषा, त्याची रचना, त्याचे अंतर्विरोध यांना तेथे जागाच नसते. 'आफ्रिकेचा आवाज' एवढे प्रशस्तिपत्र देऊन त्याची बोळवण केली जाते. आफ्रिकन लेखकाला अजून पुरता न घडलेला युरोपियन समजणाऱ्या समीक्षकांचा अचेबे यांनी १९७४ साली युगांडातील मेकेरेरे विद्यापीठात खरपूस समाचार घेतला, तो यामुळेच.

या पार्श्वभूमीवर जी. डी. किलम (१९६९) आणि डेव्हिड कॅरल (१९७०) यांचे अचेबे यांच्यावरील ग्रंथ, सिएरा लिओनचे एल्ड्रेड जोन्स यांचा सोयिंका यांच्यावरील ग्रंथ (१९७३), अचेबे यांच्या कादंबऱ्यांची ऐतिहासिक व सांस्कृतिक पार्श्वभूमी मांडणारा रॉबर्ट रेन यांचा ग्रंथ (१९८०) आणि अचेबे यांची भाषा व विचारप्रणाली तपासणारा केनियाचे सायमन गिकांडी यांचा ग्रंथ (१९९१) यांकडे पाहिले पाहिजे. हे सगळे एकाच तोलाचे नाहीत. तरीही एक गोष्ट त्यांत समान आहे. शेक्सपिअरला जो मान निमूटपणे दिला जातो, सबंध वाचले जाण्याचा मान, तो त्यांनी आफ्रिकन लेखकाला दिला.

सबंध वाचल्याने काय हाती लागते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. ते आपल्या जिव्हाळ्याचे आहे. इग्बो समाजात 'ओसू' नावाची माणसे होती. देवाला वाहिलेला ओसू आणि त्याची मुलेबाळे पिढ्यान्‌पिढ्या समाजाबाहेर. इतरांशी सोयरीक नाही, गावाच्या सभेत जागा नाही, डोक्याला वस्तरा लावायची मुभा नाही, मेल्यावर पुरायचे ते अशुभ मानलेल्या रानात. 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये हे ओसू चर्चमध्ये येतात तेव्हा नवे ख्रिस्तीच कुरकुरतात. मात्र तेथील धर्मसेवक त्यांना आत घेतो आणि केस उतरवायला लावतो. सुटी कादंबरी वाचणाऱ्याला हा दोन पानांचा प्रसंग धर्मप्रसाराचा एक टप्पा वाटतो. बहुतेक चर्चेत तो 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' या कप्प्यात जाऊन पडतो.

आता १९६० सालची 'नो लाँगर ॲट ईझ' तिच्याशेजारी ठेवून वाचावी. पहिल्या कादंबरीतला न्वोये, जो टाकून दिलेल्या जुळ्या मुलांच्या आणि मारल्या गेलेल्या इकेमेफुनाच्या प्रश्नाने अस्वस्थ होऊन बापाचे घर सोडतो व ख्रिस्ती होतो, तोच येथे आयझॅक ओकोंक्वो या नावाचा वृद्ध धर्मसेवक आहे. त्याचा इंग्लंडहून शिकून आलेला मुलगा ओबी हा क्लारा नावाच्या परिचारिकेशी लग्न करू पाहतो. क्लारा ओसू आहे. ज्या धर्माने ओसूंना दार उघडले त्याच धर्मासाठी बापाचा शाप घेतलेला हा माणूस मुलाला नकार देतो. ओसूपण त्याला महारोगासारखे वाटते. आई तर आपण जिवंत असेपर्यंत हे लग्न केलेस तर जीव देईन म्हणते. पूर्व नायजेरियात ओसू प्रथा कायद्याने रद्द झाली ती १९५६ साली, म्हणजे कादंबरीच्या अगोदर चार वर्षे! धर्म बदलला, कायदा झाला, मुलगा परदेशात शिकून आला. सोयरिकीचा प्रश्न निघताच जुनी भिंत जागची हलली नाही. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

ही संगती एका कादंबरीत सापडत नाही. ती दोन कादंबऱ्यांच्या मधोमध आहे. तिथपर्यंत पोहोचायला लेखकाची सर्व पुस्तके, त्या समाजाचा इतिहास आणि भाषेची जाण एकत्र आणणारा ग्रंथच लागतो. आणि असा ग्रंथ लेखकाची आरती ओवाळण्यासाठी नसतो. सबंध वाचले की अचेबे यांनाही प्रश्न विचारता येतो: क्लारा इतकी कमी का बोलते? तिच्या नशिबी गर्भपात येतो, ती निघून जाते, आणि कादंबरी ओबीच्याच मनात फिरत राहते. ओसूचे दुःख अचेबे यांनी पाहिले. ओसूच्या डोळ्यांनी जग पाहिले का? हा प्रश्न उपस्थित करणे म्हणजे लेखकाचा अवमान नव्हे. ज्याला आपण मोठा मानतो त्यालाच असे प्रश्न विचारायचे असतात. गावकुसाबाहेरून आलेल्या वाचकाला तर तो विचारावाच लागेल, कारण ओसू ही त्याच्या दृष्टीने तळटीपेत टाकायची चालरीत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. बाबूराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह १९६३ साली आला, 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ साली, नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली. वाङ्मयेतिहासात यांची वर्णी 'दलित प्रवाह' या एका प्रकरणात लागते. प्रवाहात थेंब ओळखू येत नाही! आपल्याकडे गौरवग्रंथ निघतात, पीएच.डी.चे प्रबंध होतात. पण 'जीवन आणि वाङ्मय' या साच्यातले बरेचसे प्रबंध कपाटात पडून राहतात, आणि गौरवग्रंथात गौरव असतो, ग्रंथ क्वचितच. एका लेखकापाशी पाच-सात वर्षे बसून त्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणारे, त्याच्याशी भांडणारे पुस्तक आपल्याकडे दुर्मिळ आहे.

हे काम दुसरे कोणी करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. वर उल्लेखलेल्या ग्रंथांच्या किमती आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना परवडत नाहीत, हे खरे. घरात पदवी पहिल्यांदाच आणलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला समीक्षाग्रंथ लिहिणे हे दुसऱ्या कुणाचे काम वाटते, हेही खरे. परंतु आपल्या लेखकांना दुसऱ्यांनी किती पाने द्यायची हे दुसरेच ठरवत राहिले, तर आपण प्रकरणातच राहू. जो विद्यार्थी आज एखाद्या दलित कवीवर चाळीस गुणांचे टिपण लिहितो आहे, त्याच्यापुढे हे आफ्रिकन ग्रंथ ठेवले पाहिजेत. लेखकाचा आदर कसा करायचा आणि त्याची झाडाझडती कशी घ्यायची, या दोन्ही गोष्टी त्यांतून एकदमच शिकता येतात.