लाल शाईचा हिशेब : ट्रस्कॉट यांच्या युक्तिवादाची चिकित्सा

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील व्याकरणाच्या चुका शिक्षकाने दुरुस्त कराव्यात का? जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली ‘लँग्वेज लर्निंग’ या नियतकालिकातील लेखात याचे थेट उत्तर दिले: करू नयेत. अशी दुरुस्ती निष्फळ तर असतेच, शिवाय ती हानिकारकही ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. सर्व प्रकारच्या दुरुस्त्यांना एकाच मापाने मोजू नये, निवडक आणि स्पष्ट दुरुस्तीचा उपयोग होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

ट्रस्कॉट यांचा एक मुद्दा मला अनुभवाने पटतो. सुरुवातीची काही वर्षे मी प्रयोगशाळेचे अहवाल लाल करून परत देत असे. एका विद्यार्थ्याच्या पुढच्या अहवालात चुका बऱ्याच कमी दिसल्या. मला समाधान वाटले. मग लक्षात आले, त्याने लिहिणेच निम्मे केले होते. निरीक्षणामागची कारणे तो आता देतच नव्हता. चुका घटल्या, पण त्यांच्याबरोबर विचारही घटला.

तरीही त्यांचा निष्कर्ष तांत्रिक लेखनाच्या वर्गात जसाच्या तसा लागू होत नाही. ‘द टेम्परेचर रोझ टू ट्वेंटी डिग्रीज’ आणि ‘रोझ बाय ट्वेंटी डिग्रीज’ ही वाक्ये पाहा. पहिल्यात तापमान २० अंशांपर्यंत वाढले, दुसऱ्यात २० अंशांनी. फरक एका शब्दयोगी अव्ययाचा, पण अहवालातील माहितीच बदलते. इथे गप्प राहणे म्हणजे चुकीचे मोजमाप मान्य करणे होय. विशेष म्हणजे मराठीत ‘पर्यंत’ आणि ‘ने’ हा भेद विद्यार्थी सहज पाळतो. तोच आधार दिला की चूक त्याची त्यालाच सापडते.

याउलट ‘वुई टुक रीडिंग’ मध्ये ‘द’ राहिला तर अर्थाला धक्का लागत नाही. मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे ही चूक एका खुणेने जाणार नाही, ती वाचनातून सावकाश जाईल. येथे ट्रस्कॉट यांचा सबुरीचा सल्ला योग्य आहे.

तोंडी परीक्षेत आणखी एक अडचण येते. विद्यार्थी चुकीचे वाक्य बोलतो, आपण तेच वाक्य सुधारून म्हणतो, आणि तो ‘येस मॅडम’ म्हणून पुढे जातो. आपण दुरुस्ती केली, त्याने ती संमती समजली. लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक हीच पद्धत सर्वाधिक वापरताना आढळले, पण विद्यार्थ्यांचा प्रतिसाद तिलाच सर्वांत कमी होता. त्यापेक्षा ‘टू की बाय?’ एवढे विचारून थांबावे.

म्हणून वाद ‘दुरुस्ती हवी की नको’ एवढाच नाही. अर्थ बिघडवणारी चूक त्याच दिवशी दाखवावी, अनेकांची सारखी चूक फळ्यावर नाव न घेता चर्चेला घ्यावी, उरलेल्या चुकांना वेळ द्यावा. लाल पेन उचलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या खुणेनंतर विद्यार्थी अधिक नेमके लिहील, की कमी लिहील?