शाळेचें कपाट आणि मुलांची आवड

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठीं पुस्तकें निवडणें हें काम वरवर पाहतां सोपें वाटतें, आणि म्हणूनच तें बहुधा निष्काळजीपणें उरकलें जातें. प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें व त्यांत गोष्टींचीं पुस्तकेंहि असावींत, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचींत म्हटलें आहे. पण त्या गोष्टी कोणत्या, हें ठरविण्यास निवडणाऱ्याची रसिकताच हवी.

ही रसिकता आमच्याकडे एका जुन्या समजुतीनें बांधली गेली आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ च्या सुमारास ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ मराठींत आणलीं, त्या काळापासून मुलांचें पुस्तक म्हणजे बोधाचें पुस्तक हें समीकरण रूढ झालें. विनायक कोंडदेव ओकांनीं १८८१ मध्यें काढलेल्या मासिकाचें नांवच ‘बालबोध’. पुढें १९०६ मध्यें वासुदेव गोविंद आपटे यांनीं आपल्या मासिकास ‘आनंद’ असें नांव दिलें. बोधाकडून आनंदाकडे जाणारी वाट लेखकांनीं अशी केव्हांच चोखाळली. निवडणारे पुष्कळसे अद्याप पहिल्याच मुक्कामावर आहेत.

बोध वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेली साने गुरुजींची ‘श्यामची आई’ संस्कारांनीं ओतप्रोत भरलेली असूनहि मनाचा ठाव घेते, कारण तेथें शिकवण आईच्या वागण्यांतून उमलते. परंतु तेंच पुस्तक अक्षरें जुळवूं लागलेल्या दुसरींतल्या मुलास दिलें आणि त्यानें तें मिटलें, तर दोष कोणाचा? त्याला माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखीं पुस्तकें हवींत, तेथें ओळी थोड्या, चित्रें बोलकीं आणि माणसें घरचींच. पांचवींतल्या धीट वाचकास ताम्हनकरांचा गोट्या आणि भागवतांचा फास्टर फेणे भेटूं द्यावा.

यादी आणि सवलत पाहून केलेल्या खरेदींत हा विवेक राहत नाहीं. निवडणाऱ्यानें पुस्तक आधीं स्वतः वाचावें, मग चार मुलांना मोठ्यानें वाचून दाखवावें. तीं कोठें हसतात, कोठें चुळबूळ करतात, ‘पुढें काय झालें?’ असें कधीं विचारतात, हें पाहावें. याहून चोख परीक्षण आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलांसाठीं पुस्तकांचा एखादा कप्पा असेल. त्यांच्या मुलानें शाळेंतलें कंटाळवाणें पुस्तक मिटलें, तर तें घरचें उघडील. पण ज्याच्या घरीं छापील अक्षर म्हणजे पाठ्यपुस्तक आणि भिंतीवरील दिनदर्शिका, त्यानें काय करावें? त्याच्या हातीं लागोपाठ दोन पुस्तकें नीरस आलीं, तर पुस्तकें वाईट होतीं असें त्याला वाटत नाहीं. वाचन आपल्यासाठीं नाहींच, असें तें मूल धरून चालतें. ही हानि कोणत्याहि हिशेबवहींत दिसत नाहीं.

पुस्तकें वापरासाठीं असतात, हा रंगनाथन् यांनीं १९३१ मध्यें मांडलेला ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम. पुस्तक फाटेल या भीतीनें कपाटास कुलूप लावणाऱ्या शाळेनें तो आधीं शिकावा. वर्षअखेर ज्याची शिवण उसवली असेल, त्याची नवी प्रत घ्यावी. जें कोरें राहिलें असेल, त्याच्या जागीं दुसरें आणावें. आणि हें ठरवितांना मुलांनाहि विचारावें.