‘सेवा चालू आहे’ या विधानाचे प्रामाण्य : युनिक्सवरील पर्यवेक्षक आज्ञावलींची चिकित्सा

युनिक्स प्रणालीवर पडद्याआड अखंड चालणाऱ्या आज्ञावलींना ‘डीमन’ अशी संज्ञा आहे. १९६३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्रोजेक्ट मॅकमध्ये ती रूढ झाली. मॅक्सवेलने कल्पिलेला, रेणूंची निवड करीत बसणारा अदृश्य कामकरी तिच्या मुळाशी आहे. टपाल पोचविणे, घड्याळ जुळविणे, माहितीसाठ्याकडे आलेल्या प्रश्नांना उत्तरे देणे ही कामे डीमनच करीत असतात. त्यांपैकी एखादा बंद पडल्यास त्याला आपोआप पुन्हा सुरू करणाऱ्या पर्यवेक्षक आज्ञावली अनेक आहेत. त्यांची तुलना बहुधा सोयीच्या निकषावर होते. वस्तुतः पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की, ‘सेवा चालू आहे’ हे विधान पर्यवेक्षक कोणत्या प्रमाणाच्या बळावर करतो?

हे विधान दिसते तितके एकार्थी नाही. ‘दुकान चालू आहे’ असे म्हणताना दार उघडे आहे एवढेच अभिप्रेत असू शकते, किंवा आत प्रत्यक्ष देवघेव होत आहे असेही. प्रक्रिया अस्तित्वात असणे व तिने आपले काम करणे यांतही असाच भेद आहे. पर्यवेक्षणाच्या निरनिराळ्या पद्धतींचे गुणदोष या भेदातूनच उद्भवतात. भारतीय तर्कपरंपरेतील प्रत्यक्ष, अनुमान व शब्द ही तीन प्रमाणे त्यांच्या वर्गीकरणास उपयोगी पडतील.

युनिक्समध्ये एका प्रक्रियेने दुसरीस जन्म दिला, तर अपत्याच्या मृत्यूची वार्ता व त्याचा अंतिम संकेतांक प्रणाली जनक प्रक्रियेलाच कळविते. हे ज्ञान प्रत्यक्षाच्या कोटीतील होय. परंतु डीमन होण्याच्या जुन्या रीतीत हे नातेच तोडले जाते. प्रक्रिया अपत्यास जन्म देऊन स्वतः संपते आणि पोरके अपत्य क्रमांक एकच्या प्रक्रियेकडे दत्तक जाते. ज्याने सेवा सुरू केली त्याच्या हाती तिचा क्रमांक लिहिलेली एक फाइल तेवढी उरते. मग दर काही मिनिटांनी तो क्रमांक जिवंत आहे काय, हे पाहिले जाते. हे अनुमान सदोष आहे, कारण प्रक्रियांचे क्रमांक पुन्हा वापरले जातात. लिनक्सवर त्यांची मर्यादा परंपरेने ३२७६८ होती. सेवा मरून तिचा क्रमांक दुसऱ्याच प्रक्रियेस मिळाला, तर तपासणीचा निष्कर्ष ‘चालू आहे’ असाच येतो. त्याच क्रमांकावर थांबण्याचा आदेश धाडल्यास निरपराध प्रक्रियेचा बळी जातो.

या दृष्टीने डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्सचे महत्त्व निर्विवाद आहे. तेथे सेवेने पडद्याआड जाण्याचा खटाटोप करावयाचा नसतो. ‘सुपरवाइज’ ही आज्ञावली स्वतः तिची जनक बनते व ती संपताच तिला पुन्हा सुरू करते. तत्पूर्वी सिस्टिम फाइव्हच्या ‘इनिट’मध्ये ‘रिस्पॉन’ या शब्दाने हेच घडत असे. २०१० साली आलेल्या सिस्टिमडीने प्रत्येक सेवेच्या प्रक्रियांचा स्वतंत्र गट राखून नाते तोडू पाहणाऱ्या अपत्यांनाही नजरेबाहेर जाऊ दिले नाही.

तथापि प्रत्यक्षाची ही खात्री केवळ अस्तित्वापुरती आहे. परस्परांची वाट पाहत गोठलेली सेवा मरत नाही. म्हणून तिची मृत्युवार्ताही येत नाही. येथे उपयोगी पडते ते शब्दप्रमाण. सिस्टिमडीच्या ‘वॉचडॉग’ व्यवस्थेत सेवेने ठरावीक मुदतीत स्वतःची ग्वाही द्यावयाची असते. ती न आल्यास सेवा निकामी मानली जाते. परंतु शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. ग्वाही देण्याचे काम वेगळ्या धाग्याकडे सोपविले, तर मुख्य काम ठप्प असतानाही ग्वाही बिनचूक येत राहते. मॉनिटसारखी आज्ञावली बाहेरून प्रश्न विचारून उत्तर येते की नाही हे पाहते. हेही अनुमानच, पण क्रमांकाच्या फाइलीपेक्षा कितीतरी सबळ; कारण त्याचा हेतू अस्तित्व नसून कार्य हा आहे.

पुनरारंभ किती वेळा करावा, हा प्रश्नही येथेच निगडित आहे. लिनक्सवरील जुना इनिट दोन मिनिटांत दहापेक्षा अधिक वेळा मरणाऱ्या प्रक्रियेस पाच मिनिटे स्थगित ठेवीत असे. सिस्टिमडीच्या मूळ नियमानुसार दोन प्रयत्नांत शंभर मिलिसेकंदांचे अंतर असते व दहा सेकंदांत पाच आरंभांची मर्यादा. म्हणजे सुरू होताच कोसळणारी सेवा सुमारे अर्ध्या सेकंदात कायमची सोडून दिली जाते. तिला हवा असलेला माहितीसाठा दोन सेकंदांनी परतणार असला तरीही. उलट, हेच अंतर तीन सेकंद केल्यास दहा सेकंदांत पाच आरंभ होतच नाहीत, मर्यादा कधीही लागू पडत नाही आणि सेवा अखंड मरत व जन्मत राहते. एकाच आकड्यातून अकाली निराशा व आंधळा आशावाद असे दोन विरुद्ध दोष निपजावेत, ही रचनेतील उणीवच मानावी लागेल. प्रत्येक खेपेस अंतर वाढवीत नेण्याची सोय २०२३ मध्ये झाली, ती याच कारणास्तव स्वागतार्ह आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र यशस्वी पुनरारंभावरच घ्यावा लागतो. स्मृती गळत असलेली सेवा रोज रात्री कोसळते, क्षणात पुन्हा उभी राहते आणि सकाळी सर्व काही ‘चालू’ दिसते. मधल्या क्षणी ज्यांचे काम अर्धवट तुटले त्यांची नोंद या शब्दात नसते. म्हणून पर्यवेक्षकाची योग्यता तो किती त्वरेने सेवा उठवितो एवढ्यावरून ठरविणे अपुरे आहे. मृत्यूचा संकेतांक, वेळ व पुनरारंभांची संख्या तो जतन करतो काय, आणि ती संख्या वाढताच माणसास जागे करतो काय, हे पाहिल्यावाचून त्याच्या ‘चालू आहे’ या शब्दास प्रामाण्य देता येणार नाही.