'9 दिवसांत स्पिती' : एका एक्सेल शीटची समीक्षा

'स्पिती सर्किट, 9 दिवस' या नावाच्या आयटिनररी मी ढिगाने वाचल्यात. कधी पीडीएफ, कधी एक्सेल शीट, कधी सेव्ह करून ठेवलेली रील. मराठीत प्रवासवर्णनांची समीक्षा झाली, आयटिनररीची कुणी करत नाही. पण माझ्या वयाची बरीच माणसं डोंगरात जाण्याआधी एवढंच वाचतात आणि त्या भरवशावर गाडी काढतात. मग हा मजकूर नीट वाचायला नको?

आधी तो 9 चा आकडा. स्पितीत नऊ दिवसांत पूर्ण होणारं असं काहीच नाही. पाच रजा आणि दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार मिळून 9 होतात, एवढंच. म्हणजे या लेखनाचा जन्म हिमाचलात नाही, हिंजवडीच्या लीव्ह पोर्टलवर झालाय.

दुसरं म्हणजे किलोमीटरचा कॉलम. 'दिवस 2 : मनाली ते काझा, 200 किमी' असं वाचलं की आपल्या डोक्यात पुणे-कोल्हापूर येतं. सकाळी आरामात निघू, वाटेत मिसळ खाऊ. पण मनाली 2,050 मीटरवर, वाटेतली कुंझुम खिंड साधारण 4,550 वर आणि काझा 3,650 च्या आसपास. आदल्या रात्रीपेक्षा तुम्ही 1,600 मीटर वर झोपणार, म्हणजे जवळजवळ अख्खा कळसूबाई एका दिवसात. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. तो पाळायचा तर शिमल्याकडून जावं लागतं : कल्पा, टाबो, मग काझा. रस्ता जवळपास दुप्पट, पण शरीराला वेळ मिळतो. 'रात्रीची उंची' हा कॉलम मला बहुतेक शीटमध्ये दिसला नाही. 'फोटो स्पॉट' हा कॉलम मात्र हमखास असतो.

वेळेचंही तेच. ग्राम्फू ते लोसर या पट्ट्यात नाले थेट रस्त्यावरून वाहतात. ऊन चढतं तसं वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गाडी अडवतं. तिथे 'किती किलोमीटर' यापेक्षा 'किती वाजता' हा प्रश्न मोठा. तरी याच शीटमध्ये मनालीनंतर पेट्रोल थेट काझालाच, हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

बफरवर मात्र माझा खरा राग आहे. बफर असतो, पण शेवटी : 'दिवस 8 : बफर / मनाली शॉपिंग'. आमच्या धंद्यात डिलिव्हरीनंतर टेस्टिंगचा वेळ ठेवणाऱ्या मॅनेजरला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. दरड तुमच्या आठव्या दिवसाची वाट बघत नाही. 11 ऑगस्ट 2021 ला किन्नौरमध्ये निगुलसरीजवळ डोंगर महामार्गावर आला, सरकारी बससह काही वाहनं गाडली गेली, 28 माणसं गेली. रिकामा दिवस ठेवल्याने दरड टळत नाही, हे मलाही कळतं. पण रिकामा दिवस असला की पाऊस लागल्यावर 'आज इथेच थांबू' म्हणता येतं. नसला की ड्रायव्हरला 'भैया, निकल लेंगे ना?' विचारलं जातं, आणि तोही बिचारा पुढच्या बुकिंगचा हिशोब करत हो म्हणतो.

आणि मग गावं. लांगझा, हिक्किम, कोमिक अशी तीन गावं एका सकाळी, प्रत्येकी 45 मिनिटं. हिक्किम म्हणजे उंचावरचं पोस्ट ऑफिस, एक पोस्टकार्ड टाका, पुढे चला. तिथे हिरव्या मटाराचं पीक निघतं, शेताला वितळलेल्या बर्फाचं पाणी कुलांमधून म्हणजे पाटांमधून येतं, हिवाळ्यात बर्फ कमी पडलं तर उन्हाळ्यात शेत कोरडं राहतं, यातलं काही शीटमध्ये नाही. 'होमस्टेला 24 तास गरम पाणी आहे का?' एवढा प्रश्न आहे. ते पाणी कुठून येतं, हे विचारायला कॉलम नाही.

सध्या आमच्या ग्रुपची शीट माझ्याकडे आहे. किलोमीटरचा कॉलम मी हाइड केलाय, रात्रीची उंची टाकलीय आणि रिकामा दिवस पाचव्या दिवशी, काझात ठेवलाय. लगेच मेसेज आला : "मग चंद्रताल कधी?" काझात तीन रात्री काढल्यावर, कुंझुम उघडी असेल तर. नसेल तर आल्या वाटेने परत, आणि दोन रजा जास्त.