भावंडांची बाजू

ज्या घरात एखादे अपत्य जन्मतः अपंग किंवा मनाने दुबळे असते, त्या घराचे चित्रण आपल्या वाङ्मयात बहुधा आईबापांच्या बाजूने होते. जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ हे नाटक याचे समर्थ उदाहरण होय. मतिमंद बच्चूच्या संगोपनात त्याच्या आईबापांची जी ओढाताण होते, तिला दळवींनी भाबडेपणाचा स्पर्श होऊ दिलेला नाही. परंतु ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न आईबापांना पडतो तेव्हा बहुतेक घरांत त्याचे उत्तर शेजारच्या खोलीत अभ्यास करीत बसलेले असते. त्या उत्तराला मात्र कोणी काही विचारीत नाही.

महाभारतकारांनी हा पेच ओळखला होता. धृतराष्ट्र ज्येष्ठ असूनही जन्मांध म्हणून राज्याला मुकला व ते पंडूस मिळाले. एका भावाचे वैगुण्य दुसऱ्याचा लाभ ठरले आणि त्या लाभाचे मोल पुढील पिढीने चुकविले. भावंडाच्या नात्याचे वेगळेपण येथेच आहे. आईबापांच्या दुःखात ममता असते, भावंडाच्या दुःखात ममतेबरोबर तुलनाही असते. आपले धडधाकट असणे हेच त्याला ऋणासारखे वाटू लागते.

या दृष्टीने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो. स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषचा भार त्याची बहीण सीना आपल्या संसारात उचलते. तिची दमणूक, चिडचीड आणि माया ही तिन्ही एकाच वेळी खरी आहेत, हे चित्रपट निःसंकोचपणे सांगतो. तिला त्यागमूर्ती केलेले नाही, हा त्याचा मोठाच गुण. उणीव एवढीच की, शेषच्या मनातील देवराई जितकी मूर्त होते, तितके सीनेचे अंतरंग होत नाही.

केन्झाबुरो ओए या जपानी कादंबरीकाराने ते साधले आहे. त्याच्या १९९० मधील कादंबरीत आईवडील परदेशी गेलेले असताना मेंदूने अधू असलेल्या भावाला सांभाळणारी मुलगी स्वतःच निवेदन करते. ओए हा स्वतः अशा मुलाचा पिता. तरीही पित्याने लेखणी मुलीच्या हाती दिली, यातच त्याच्या कलादृष्टीची कसोटी आहे.

शहराबाहेर पाहिले म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. सीनेच्या हाताशी निदान डॉक्टर आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंड्यासारख्या गावी तो आधार कोठला? बौद्धिक अक्षमतेसाठी स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे, पण ती सिकंदराबादेस. मराठी, तेलुगू व गोंडी बोलणाऱ्या या मुलखातील घरात आईबाप शेतावर गेले, म्हणजे मागे राहणार कोण? २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क मान्य केला, हे योग्यच झाले. परंतु त्याच्याजवळ थांबलेल्या बहिणीच्या नावापुढे हजेरीपटात केवळ गैरहजेरीची खूण पडते. त्या खुणेमागील मन वाचण्याचे काम कायद्याच्या आवाक्यातले नाही. ते वाङ्मयाचे आहे, आणि तो हजेरीपट रोज हाती घेणाऱ्या शिक्षकाचेही आहे.