करवत, कुटुंब आणि आजोबा

'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर'! अहो, हे काय सिनेमाचे नाव झाले? सुतारकाम आणि खाटीकखाना एकाच पाटीवर! १९७४ सालचा हा सिनेमा टोब हूपर नावाच्या गृहस्थाने अगदी थोडक्या पैशांत, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, टेक्सासच्या रणरणत्या उन्हात उरकला. खेड्यातली माणसे म्हणजे राक्षस, हा या धंद्यातला ठरलेला माल. शहरी गिऱ्हाईक हमखास.

पण गंमत पाहा. यात रक्त शोधायला चष्मा पुसावा लागतो! आपल्या मारधाडपटात पहिल्या रिळातच याहून जास्त लाल रंग खपतो. इथे पत्र्याचे एक दार धाडकन सरकून बंद होते, बस्स! पोटात गोळा येतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हे चित्र जपून ठेवले आहे, ते उगीच नव्हे.

आणि ते राक्षस कोण? कत्तलखान्यात हातोडा चालवणारे घराणे. यंत्र आले, हातोडा गेला, माणसे घरी बसली. तरी घर ते घरच! करवतीने दार फाडले म्हणून कर्ता पुरुष करवादतो. जेवणाच्या टेबलाशी पाहुणी खुर्चीला बांधलेली. पहिल्या घावाचा मान मात्र आजोबांचा. एके काळचे नामी कसबी ना! त्यांच्या लुळ्या बोटांत हातोडा देतात. तो निसटतो. पुन्हा देतात. पुन्हा निसटतो. त्या पोरीसाठी जीव कासावीस होतो हे खरेच. पण त्या म्हाताऱ्या हाताकडेही बघवत नाही हो!