जखम आणि साक्ष

काही चित्रे आपल्याला विचार करण्यापूर्वीच नतमस्तक करतात. जाक-लुई दाव्हिद या फ्रेंच चित्रकाराने १७९३ साली रंगविलेले ‘माराचा मृत्यू’ हे त्यांपैकी एक. आज ते ब्रसेल्सच्या शाही ललितकला संग्रहालयात आहे. न्हाणीच्या टबात एक मनुष्य नुकताच गतप्राण झाला आहे. मान कललेली, उजवा हात खाली लोंबणारा, बोटांत अजून लेखणी. छातीवर लहानशी जखम. चित्राचा वरचा अर्धा भाग केवळ काळोख.

हा जाँ-पोल मारा, फ्रेंच राज्यक्रांतीतील जहाल पत्रकार व राष्ट्रीय परिषदेचा सभासद. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्दे या तरुणीने त्याला त्याच्या घरी भोसकले. चौथ्या दिवशी तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. दाव्हिद त्याच परिषदेचा सभासद आणि माराचा स्नेही होता.

ख्रिस्ती डोळ्यांना हे चित्र ओळखीचे वाटते. तो लोंबता हात मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’तील ख्रिस्ताचा आहे, कॅराव्हॅज्जोने रंगविलेल्या ख्रिस्ताच्या दफनातही तो दिसतो. टबातील पांढरे वस्त्र प्रेतवस्त्राची आठवण करून देते, तर शेजारचे लाकडी खोके थडग्यावरील शिळेसारखे उभे आहे. अभिजात शिल्पाचा संयम राखणाऱ्या नव-अभिजात शैलीने आक्रोश, गर्दी सारे दूर ठेवले आहे. उरली आहे ती शांतता, जी आपण वेदीसमोर अनुभवतो.

परंतु दाव्हिदचे खरे कौशल्य त्याने काय वगळले यात आहे. माराला त्वचारोग जडला होता, म्हणूनच तो तासन्‌तास पाण्यात बसे. चित्रातील त्वचा संगमरवरासारखी नितळ आहे. मारेकरीण चित्रात नाही. कोर्देच्या जबानीनुसार मारा त्या क्षणी तिने सांगितलेल्या विरोधकांची नावे टिपून घेत होता व त्यांना लवकरच गिलोटिनवर पाठविण्याचे आश्वासन देत होता. चित्रात त्याच्या हाती ती यादी नाही. आहे ते दयेची याचना करणारे तिचे पत्र. सूड घेणारा हात असा दाता झाला.

सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या कारागृहांत कत्तली झाल्या. चर्चला शासनाच्या अंकित करणाऱ्या कायद्याची शपथ नाकारणारे शंभरहून अधिक धर्मगुरू २ सप्टेंबर रोजी कार्मेलाइट मठात मारले गेले; आर्लचे आर्चबिशप ज्याँ-मारी द्यु लो त्यांत होते. दुसऱ्या दिवशी निघालेल्या एका परिपत्रकात या कत्तलींचे समर्थन होते आणि प्रांतांनीही तोच मार्ग धरावा असे आवाहन होते. त्याखालील नावांत माराचे नाव होते. त्या कत्तलींतील १९१ जणांना पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली धन्यवादित घोषित केले. ज्या ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहून ते मेले, त्याचाच देह दाव्हिदने माराला बहाल केला.

म्हणून कोर्देचे कृत्य समर्थनीय ठरत नाही. खून तो खूनच, आणि मृत माणसाच्या मुखाकडे पाहून दाटून येणारी करुणा खोटी नव्हे. ती माराचाही हक्क आहे. मात्र करुणा आणि वंदन यांत अंतर आहे. आपल्या भाषेने ते जपले आहे: ‘हुतात्मा’ म्हणजे आहुती गेलेला, ‘रक्तसाक्षी’ म्हणजे रक्ताने साक्ष देणारा. पहिल्याला जखम पुरते. दुसऱ्याला साक्ष लागते. स्तेफनाने मरताना आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, ती त्याची साक्ष.

सप्टेंबर १७९४ मध्ये माराचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे संत जेनेव्हिव्हच्या नावाने बांधलेल्या मंदिरात, समारंभाने नेण्यात आले. फेब्रुवारी १७९५ मध्ये ते बाहेर काढले गेले, आणि त्याच वर्षी चित्रही चित्रकाराकडे परत आले.

चित्र मात्र थोरच राहिले. ते अवश्य पाहावे आणि दाव्हिदच्या कुंचल्याला दादही द्यावी. पण हार घातलेली कोणतीही तसबीर समोर आली की हात जोडण्यापूर्वी विचारावे: याची जखम दाखविली जाते आहे, याची साक्ष कोणती?